कूलरची मोटर बदलली, पण तिला जपणार कोण?

मार्च संपत आला की विदर्भात माळ्यावरचे, गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. पत्र्याच्या बॉडीला रंगाचा हात बसतो, जुन्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, काढून नव्या लागतात, टुल्लू पंप बादलीत टाकून चालतो का ते बघतात. मग बटण दाबलं की कळतं, पंखा नुसता गुणगुणतोय, फिरत नाहीये. सात-आठ महिने पडून राहिल्याने मोटरची बेअरिंग जाम झालेली असते. कुणीतरी पात्याला हाताने धक्का देऊन ती सुरू करतं. चार दिवस चालते, आणि एखाद्या रात्री घरात जळका वास सुटतो. मग मोटर भरून आणायची, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायची, नाहीतर नवी टाकायची. त्या वेळी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एमसीबी आहे ना, काही झालं तर तो पडेलच."

तो पडणार नाही. मोटर जाम होऊन आतल्या आत जळत असली तरी बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका, तसाच चालू राहील, आणि यात त्याचं काही चुकलं असंही नाही. तो बसवलाय भिंतीतल्या वायरसाठी. वायर तापून घराला आग लागू नये एवढीच त्याची जबाबदारी. मोटरला जपायचं काम दुसऱ्याच कुणाचं तरी असतं, आणि मोटर भरताना किंवा बदलताना नेमका तोच दुसरा काढून टाकला जातो. म्हणून हा लेख.

आधी आकडे बघू. मोठ्या घरगुती कूलरची मोटर साधारण 150 वॅटची धरा. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात. पॉवर फॅक्टर वगैरे धरून ही मोटर पाऊण अँपिअरच्या आसपास करंट घेते. आता कूलरची पिन बहुतेक घरांत पॉवर प्लगमध्ये असते, आणि त्या प्लगमागे 16 अँपिअरचा एमसीबी असतो. जाम झालेली मोटर दुप्पट-अडीचपट करंट ओढेल, म्हणजे फार तर दोन अँपिअर. धान्याच्या वजनकाट्यावर पावशेर मिरची ठेवावी आणि काटा हलायची वाट बघत बसावं, तसा हा प्रकार आहे. 16 अँपिअरच्या एमसीबीला हे दोन अँपिअर म्हणजे रोजचंच काम.

एमसीबीच्या आत दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. दोन धातूंची जोडपट्टी ही पहिली. करंट मर्यादेपेक्षा थोडा जास्त, पण बराच वेळ वाहत राहिला, की ती तापून वाकते आणि खटका सोडते. दुसरी म्हणजे तारेची गुंडाळी. शॉर्ट सर्किट झालं की तिचं चुंबक एका झटक्यात खटका ओढतं, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. जोडपट्टीचं गणित मानकात ठरवून दिलेलं आहे: लिहिलेल्या आकड्याच्या 1.13 पटीवर एमसीबी एक तासात पडता कामा नये, आणि 1.45 पटीवर एका तासाच्या आत पडलाच पाहिजे. 16 अँपिअरच्या एमसीबीसाठी हे आकडे होतात 18 आणि 23. म्हणजे 18 अँपिअर वाहत असले तरी तो तासभर गप्प बसू शकतो. तिथे आपल्या मोटरचे दोन अँपिअर कुठे दिसणार?

एमसीबीवर आकड्याआधी बी, सी किंवा डी असं इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. ते चुंबकाच्या यंत्रणेचं आहे. बी असेल तर आकड्याच्या 3 ते 5 पट करंटला एमसीबीला झटका बसतो, म्हणजे तो तत्क्षणी पडतो, सी असेल तर 5 ते 10 पट, डी असेल तर 10 ते 20 पट. घरात सहसा सी दिसतो. म्हणजे सी-16 वर झटका नक्की बसायचा असेल तर 160 अँपिअर वाहावे लागतात. 80 ते 160 च्या मधे तो लगेच पडेल किंवा नाही पडणार, खात्री देता येत नाही. हा 160 चा आकडा लक्षात ठेवा, एक्स्टेन्शनच्या वायरपाशी तो परत लागणार आहे.

दोन अँपिअर इतके किरकोळ आहेत, तर मग मोटर जळते का? चालत्या मोटरने घेतलेल्या विजेचा बराचसा भाग हवा ढकलण्यात जातो. शिवाय कूलरची मोटर ओल्या ताट्यांतून आलेल्या गार हवेच्या झोतातच बसलेली असते, तिला वारा आयता मिळतो. ती जाम झाली की दोन्ही गोष्टी एकदम थांबतात. काम होत नाही, म्हणून आत आलेली सगळी वीज उष्णता होते. वारा नाही, म्हणून ती उष्णता बाहेर जात नाही. त्यात तारेतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. तारेवरच्या इनॅमलला आणि आतल्या कागदाला एक मर्यादा असते. ई वर्गाच्या इन्सुलेशनची 120 अंश सेल्सिअस, बी वर्गाची 130. त्यापुढे ते करपतं, शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात, करंट आणखी वाढतो, आणि वास येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

उन्हाळ्यात यात कमी व्होल्टेजची भर पडते. गावाकडे दुपारी 230 चे 180 होतात. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, त्यामुळे 180 वर तो जेमतेम 61 टक्के उरतो. एरवी थोडी जड झालेली बेअरिंग मोटर कशीबशी फिरवते. 180 वर तीच मोटर गुणगुणत उभी राहते आणि तापत जाते. कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारी डबी, उतरलेला असेल तरी हेच घडतं. म्हणून मोटर बदलताना कंडेन्सरही नवा टाकावा. मोटरच्या पट्टीवर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढ्याच क्षमतेचा, आणि 440 व्होल्टचा. "थोडा मोठा टाकू, जोरात फिरेल" हे ऐकू नका. मोठ्या कंडेन्सरने एका वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, जास्त करंट जातो आणि मोटर जाम न होताही तापते.

वाइंडिंगच्या कुशीतला लहानसा रक्षक

बऱ्याच मोटरींत वाइंडिंगला अगदी चिकटून, दोऱ्याने बांधलेला, स्लीव्हमध्ये घातलेला एक छोटा तुकडा असतो. तांदळाच्या चार-सहा दाण्यांएवढा. त्यावर बारीक अक्षरांत तापमान छापलेलं असतं, समजा 130 अंश, आणि शेजारी 2 अँपिअर, 250 व्होल्ट. हा थर्मल फ्यूज. त्याला करंटशी फारसं घेणंदेणं नाही, तो तापमान बघतो. आत ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू किंवा गोळी असते. वाइंडिंग तेवढं तापलं की ती वितळते आणि सर्किट कायमचं तुटतं. तो एकदाच वापरायचा असतो, पुन्हा जुळत नाही. मोटर जाम झाली तर घरात धूर होण्याआधी तिला थांबवणारी ही वस्तू.

आता मोटर भरायच्या दुकानात काय होतं ते बघा. मोटर बंद पडून येते. कारागीर तपासतो, वाइंडिंग शाबूत असतं, थर्मल फ्यूज तेवढा तुटलेला. तो फ्यूजची दोन टोकं काढतो, एकमेकांना पीळ देतो, डाग मारतो आणि मोटर चालू करून दाखवतो. दुकानाच्या भाषेत "डायरेक्ट केली." ग्राहक खूष, कारण काम दहा मिनिटांत आणि थोडक्या पैशांत झालं. पूर्ण मोटर भरतानाही जुन्या वाइंडिंगबरोबर हा तुकडा कचऱ्यात जातो आणि नवा बसत नाही. मोटर पूर्वीसारखीच फिरते, आवाज तोच, वारा तोच. पुढच्या वेळी ती जाम होईल तेव्हा मात्र तिला थांबवायला कोणीही नसेल. मला हे फार गंभीर वाटतं, कारण कूलर रात्रभर चालतो, माणसं झोपलेली असतात, आणि मोटरच्या तिन्ही बाजूंना वाळलं की भुरकन पेटणारं लाकडाचं गवत असतं. टाकीतलं पाणी पहाटे संपलं की ते वाळतंच.

म्हणून मोटर भरायला देताना स्पष्ट सांगा: "थर्मल फ्यूज नवा टाकून द्या, जुन्यावर जो आकडा आहे त्याच अंशाचा." हा सुटा भाग अगदी स्वस्त मिळतो. कमी अंशाचा टाकला तर मे महिन्यात विनाकारण उडेल, जास्त अंशाचा टाकला तर वेळेवर उडणार नाही. एक बारकावा कारागिरालाही कधी कधी ठाऊक नसतो. या फ्यूजच्या पायांना थेट डाग मारला तर सोल्डरिंगच्या गरमीनेच तो आतून तुटतो. पाय पकडीत धरून ठेवावे लागतात, म्हणजे गरमी पकडीत उतरते. नाहीतर दाबून बसवायची कडी वापरावी लागते. "नवा टाकला तरी मोटर चालेना, म्हणून काढला" असं कोणी सांगितलं तर बहुधा हेच झालेलं असतं.

नवी मोटर घेताना तिच्या पट्टीवर 'थर्मली प्रोटेक्टेड' लिहिलंय का ते वाचा. काही मोटरींत वितळणाऱ्या फ्यूजऐवजी आपोआप परत जुळणारा प्रोटेक्टर असतो. त्यात धोका वेगळा: मोटर थांबते, गार होते आणि कुणी काही न करता पुन्हा फिरू लागते. पंखा थांबलाय म्हणून जाळीत हात घालणाऱ्याची बोटं जाऊ शकतात. आधी पिन काढायची, मग हात.

एक्स्टेन्शनची वायर

कूलर खिडकीत, प्लग समोरच्या भिंतीला. मधे पंधरा मीटरची एक्स्टेन्शन. दुकानातली सर्वांत स्वस्त घेतली तर तिच्यात अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते. मोटरचे पाऊण अँपिअर ती आरामात वाहते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण कूलरच्या टोकाला शॉर्ट झाला तर काय होईल याचा हिशोब करून बघू.

अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.039 ओहम. जाऊन-येऊन 30 मीटर, म्हणजे 1.17 ओहम. घरातली वायर आणि खांबापासूनची लाइन मिळून 0.8 धरू. एकूण जवळपास दोन ओहम. 230 ला दोनाने भागलं की 115 अँपिअर. सी-16 चा झटका नक्की बसायला 160 लागतात. इथे 115 च आहेत, म्हणजे चुंबक ओढेल याची खात्री नाही, आणि जोडपट्टी तापून वाकेपर्यंत काही सेकंद जाऊ शकतात. इतक्या बारीक तारेवरचं पीव्हीसी मात्र 115 अँपिअरला पाव सेकंदच टिकतं. वायर एमसीबीच्या आधी हरते. गादीखालून, पडद्यामागून गेलेली एक्स्टेन्शन अशा वेळी किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको.

तीच एक्स्टेन्शन दीड चौरस मिलिमीटरची असती तर? रोध 0.4 ओहम, घराचा 0.8, एकूण 1.2. करंट 190 च्या वर. 160 पार झाले, एमसीबी तत्क्षणी पडला, आणि जाड तारेला त्यात काहीही झालं नाही. दोन वायरींच्या किमतीत जो फरक आहे तो एवढ्यासाठी द्यायचा. दुसरा मार्ग म्हणजे कूलर 6 अँपिअरच्या एमसीबीमागच्या प्लगला लावणं. सी-6 ला झटक्यासाठी 60 अँपिअर पुरतात, ते बारीक वायरमधूनही मिळतात. पाऊण अँपिअरच्या यंत्राला 16 चा प्लग लागतच नाही. मोठी पिन दिसली म्हणून मोठा प्लग, एवढंच त्याचं कारण असतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसेल. तिथे एकाच 32 अँपिअरच्या रिंगवर, म्हणजे फिरून परत बोर्डावर येणाऱ्या वायरीवर, अनेक प्लग असतात, म्हणून प्रत्येक पिनच्या पोटातच 3 किंवा 13 अँपिअरचा फ्यूज असतो. वायर बारीक असेल तर 3 चा घालायचा. आपल्या पिनमध्ये फ्यूज नसतो. हवा असेल तर कूलरच्या आतल्या जोडणीत फेजवर फ्यूजहोल्डर बसवून 2 अँपिअरचा सावकाश उडणारा फ्यूज टाकता येतो. काचेचा नको, चिनी मातीच्या नळीचा घ्या. काचेचे छोटे फ्यूज सहसा 35 अँपिअरपर्यंतचाच शॉर्ट सुरक्षित तोडू शकतात, चिनी मातीचे 1,500 पर्यंत. मात्र हा फ्यूज त्याच्या पुढचा शॉर्ट बघतो, मागची एक्स्टेन्शन त्याच्या कक्षेत येत नाही. जाम मोटरचे दोन अँपिअरही तो खुशाल जाऊ देईल. थर्मल फ्यूजची जागा तो घेत नाही.

जुन्या वाड्यांत, चाळीत अजून किटकॅट फ्यूज आहेत. 5 अँपिअरसाठी त्यात सुमारे 0.2 मिलिमीटरची कथिलाचा मुलामा दिलेली तार हवी. ती हाताशी नसते म्हणून साध्या वायरमधला एक केस ओढून गुंडाळतात. तो केस 0.3 मिलिमीटरचा असतो आणि वितळायला 13 अँपिअरच्या आसपास घेतो. दोन केस पिळून लावले की 25 च्या घरात. मागची वायर 1 चौरस मिलिमीटरची, चाळीस वर्षांची, कापडी आवरणाची. तिथे नवी मोटर बसवण्याआधी योग्य मापाची फ्यूजतार आणून लावणं जास्त निकडीचं आहे.

पाणी, पत्रा आणि 30 मिलिअँपिअर

आतापर्यंत जे सांगितलं त्यातलं काहीच शॉकपासून वाचवत नाही. माणसाच्या अंगातून 30 मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि 30 मिलिअँपिअर म्हणजे मोटरच्या चालू करंटचा पंचविसावा भाग. एमसीबी, काचेचा फ्यूज, थर्मल फ्यूज, कुणालाच तो दिसणार नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का एवढंच तो बघतो, आणि तफावत दिसली की तोडतो. त्याच्याबरोबर अर्थिंग हवं, तीन तारांची वायर हवी, आणि अर्थची तार पत्र्याच्या बॉडीला रंग खरवडून, नटखाली घट्ट बसवलेली हवी. दोन तारांच्या वायरवर पत्र्याचा कूलर चालवू नका. घरात लहान मूल असो नसो, चालवू नका. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, कारण बटण कधी न्यूट्रलवर असतं. पिनच काढा.

सीलिंग फॅनबद्दल थोडक्यात. 1200 मिलिमीटरचा जुना पंखा 75 वॅटचा, करंट अँपिअरचा तिसरा हिस्सा. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा 800 वॅट एवढाच भार ठेवायचा नियम आहे. 800 वॅट म्हणजे साडेतीन अँपिअर, म्हणून तिथे 6 चा एमसीबी भरपूर होतो. बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा पंखा तर 28 ते 35 वॅटच घेतो, आणि जाम झाल्यावर त्याचं सर्किट स्वतःच मोटर थांबवतं. त्याच्यामागचा जुना रेग्युलेटर मात्र काढून थेट बटणावर जोडा.

नवी किंवा भरलेली मोटर एकदम लाइनवर जोडू नये. चांगला वायरमन आधी सिरीज बोर्डावर लावतो: मोटरच्या वाटेत 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब. बल्बमुळे करंट 0.43 अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे आत शॉर्ट असला तरी भडका उडत नाही. मोटर चांगली असेल तर बल्ब मंद पेटतो आणि मोटर हळू फिरते किंवा गुणगुणते. बल्ब भक्क पेटला तर वाइंडिंगमध्ये शॉर्ट आहे, मोटर परत करा. मग बोर्डाचं एक टोक बॉडीला लावून बघायचं. तिथे बल्ब किंचितही पेटता कामा नये. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, असेल तर 500 व्होल्टवर वाइंडिंग ते बॉडी किमान एक मेगाओहम दाखवायला हवा. बॉडीची चाचणी चालू असताना मोटर लाकडावर ठेवलेली असावी आणि कुणाचाही हात तिला लागू नये. सवय नसेल तर ही चाचणी स्वतः करायची नाही.

बसवून झाल्यावर क्लॅम्प मीटरने करंट मोजा. पाऊण अँपिअर इतका कमी असतो की साध्या मीटरवर आकडा नीट येत नाही. त्यासाठी फेजची एकटी तार मीटरच्या जबड्यातून दहा वेढे घालून न्यायची आणि दिसलेल्या आकड्याला दहाने भागायचं. सात ते आठ दिसलं तर मोटर ठीक. बारा-पंधरा दिसलं तर बेअरिंग जड आहे, पातं घासतंय किंवा कंडेन्सर चुकीचा आहे. तो आकडा पेनाने कूलरच्या आतल्या पत्र्यावर तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये कूलर काढाल तेव्हा परत मोजा. वाढलेला दिसला तर मोटर अजून फिरत असतानाच बेअरिंग बदलून घ्या.

आणि नव्या मोटरनंतर 6 चा एमसीबी पडला, तर "10 चा टाकून देतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. पाऊण अँपिअरची मोटर सुरू होतानाही 6 च्या जवळ जात नाही. एमसीबी पडला म्हणजे जोडणीत कुठेतरी तार चेपली आहे, कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, किंवा त्याच सर्किटवर कुणीतरी इस्त्री लावली आहे. पडला तो आरसीसीबी असेल तर करंट बॉडीत किंवा पाण्यात गळतोय. अशा वेळी मोटर आणि टुल्लू पंप एकेक करून सोडवा. दहातल्या कितीतरी वेळा दोष मोटरचा नसून पंपाच्या वायरीला पाण्याखाली पडलेल्या चिरेचा निघतो.